आपल्या पातेल्यातले दूध

कोणी आपल्यावर अविश्वास दाखविला की आपल्याला राग येतो. आमच्या वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी प्रत्येक पाहुण्याचे नाव वहीत लिहून घेतो आणि माझे मेहुणे दर खेपेस त्यावर कुरकुरतात. ‘ओळखीच्या माणसाला कसली वही?’ हा त्यांचा सवाल. मला मात्र अलीकडे त्या वहीविषयी आदर वाटू लागला आहे, आणि त्याचे श्रेय शीळफाट्याला द्यावयास हवे.

मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल या चारी दिशांच्या वाटा तेथे एकमेकींना अडवून उभ्या असतात. न्हावा शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले अजस्र कंटेनर पुढेही सरकत नाहीत आणि मागेही. अशा वेळी माणूस दुसरे काय करणार? फोन काढून घरी कळवितो, ‘उशीर होईल.’ हे दोन शब्द फोनबाहेर पडण्यापूर्वी ज्या चौकीवरून जातात, ती कोणाचीही भीड धरीत नाही.

त्या चौकीचे नाव कर्नेल. नाव ऐकताच मिशाळ लष्करी अधिकारी डोळ्यांपुढे येतो. पण येथे त्याचा अर्थ आहे गाभा. अँड्रॉइड फोनात हा गाभा लिनक्सचा असतो आणि यंत्राची सारी सत्ता त्याच्या हाती असते. संदेश पाठविणारा प्रोग्रॅम म्हणजे केवळ प्रजाजन. तो कर्नेलला एवढेच सांगतो, ‘माझा मजकूर मेमरीत अमुक पत्त्यावर आहे, तेथून इतकी अक्षरे उचल.’

आता एखाद्या लबाडाने स्वतःच्या खोलीऐवजी कर्नेलच्याच तिजोरीचा पत्ता दिला तर? भोळे कर्नेल आपलीच गुपिते उचलून बाहेर धाडील. म्हणून दिलेली जागा आरंभापासून शेवटापर्यंत त्या प्रोग्रॅमच्याच हद्दीत आहे ना, हे ते आधी पाहते. पत्ता खोटा निघाला तर संतापत नाही. १४ क्रमांकाची ‘वाईट पत्ता’ ही चूक प्रोग्रॅमच्या हाती ठेवते आणि पुढच्या कामाला लागते.

दुसरी खबरदारी माझ्या आजीलाही ठाऊक होती. ती दूधवाल्याच्या किटलीत डोकावून दूध पारखीत नसे. आधी ते आपल्या पातेल्यात घेई, मग त्याचे माप आणि दाटपणा पाही. किटलीतले दूध पारखल्यावर ओतण्यापूर्वी त्यात काय मिसळेल, कोणी सांगावे? कर्नेल मजकूर तपासत असताना त्याच प्रोग्रॅमचा दुसरा हात तो बदलीत असू शकतो. म्हणून मजकुराची नक्कल एकदाच आपल्या जागेत घ्यावी, तीच तपासावी आणि तीच वापरावी. मूळ प्रतीकडे पुन्हा वळून पाहू नये.

हा नेम चुकला की काय होते? २००६ साली लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत व्हीएमस्प्लाइस नावाची एक नवी सोय आली. तीत प्रोग्रॅमने दिलेला पत्ता तपासावयाचा राहून गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये हे छिद्र उघडकीस आले, तेव्हा त्या यंत्रावरच्या कोणत्याही साध्या वापरकर्त्याला त्यातून सर्वाधिकारी होता येत होते.

त्याहून बोलके उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक कंपनीची रक्षक प्रणाली विंडोजच्या गाभ्यात वावरत असे. तिने कंपनीकडूनच आलेली एक फाईल वाचावयास घेतली. फाईलप्रमाणे पाहावयाच्या होत्या २१ बाबी. पुरविलेल्या होत्या २०. एकविसावी शोधताना हात हद्दीबाहेर पडला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे कोणी लबाड नव्हताच. मजकूर ओळखीच्या घरून आला होता. मोजला मात्र गेला नव्हता.

तेव्हा ओळख ही एक गोष्ट आणि मोजणी ही दुसरी. एकीने दुसरीचे काम भागत नाही, आणि सर्वांना सारखीच लागू असलेली मोजणी कोणाचा अपमानही करीत नाही. आजीचा दूधवाला वर्षानुवर्षे तोच होता. सणासुदीला तो आमच्याकडे फराळाला बसे, घरची सुखदुःखे बोले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेले पुन्हा पुढे येई, आणि तो न बोलता त्यात दूध ओती.