मेस माझी, कामं कुणाची?

मेस सुरू केली तेव्हा माझ्याकडे स्वयंपाक येणं एवढं एकच भांडवल होतं. कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ 1997 पासून रामटेकात आहे, इंजिनीअरिंग कॉलेज आहे, बदलीवर आलेले बँकवाले असतात. या सगळ्यांना घरचं जेवण हवं असतं. डबे वाढत गेले, घरचा ओटा पुरेना, मग दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पोळ्यांना मावशी आल्या, चिराचिरीला शेजारची सूनबाई आली, डबे पोचवायला मोटरसायकलवाला पोरगा आला. पगार सुरू झाले आणि माझं काम मात्र कमी व्हायच्याऐवजी वाढलं. हे गणित काही केल्या मला सुटेना.

"कामं वाटून दे," असं नवऱ्यापासून बचत गटाच्या बायांपर्यंत सगळे सांगायचे. कशी वाटायची, हे विचारलं की म्हणायचे, "सांगायचं सरळ, त्यात काय?" मी सरळ सांगायला लागले. "मावशी, आज वांगी-आलू करा." की सुरू. "किती वांगे घेऊ जी? तेल कोनतं? तिखट कालच्यावानी का परवाच्यावानी?" उत्तरं देता देता भाजी माझ्याच हातून फोडणीला पडायची. मावशींचा एकही प्रश्न चुकीचा नव्हता, हीच पंचाईत. कालचं तिखट किती होतं, हे माझं मलाही सांगता येत नव्हतं. माझा सगळा स्वयंपाक अंदाजानं चालायचा आणि अंदाज काही दुसऱ्याच्या हातावर काढून ठेवता येत नाही.

म्हणून आधी मोजमाप आलं. तिखटाला एक चमचा ठरवला, डाळीला एक वाटी. मावशींना वाचता येत नाही, तर वरणाच्या गंजाला आतून खिळ्यानं रेघ मारली: पाणी इथपर्यंत. ज्या कामाला अशी रेघ मारता आली ते माझ्या हातून सुटलं. जिथं रेघ मारता येईना, तिथं गाडी अडली.

उदाहरणार्थ, उद्या भाजी कोणती? मी म्हटलं, "मावशी, आता तुम्हीच ठरवत जा." तर आठवडाभर आलूच. आलू-रस्सा, सुके आलू, आलू-मटार. पोरं माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. मी मावशींवर चिडणार, तेवढ्यात त्यांनीच सांगून टाकलं, "आलूले कोनी नावं ठेवत नाई ना, ताई." कशावरून बोलणी बसतील हे ठाऊक नसलेला माणूस सगळ्यात बिनधोक वाट धरतो. ठरवायचा अधिकार मी दिला होता, ठरवलेलं फसलं तर काय होईल हे सांगितलंच नव्हतं. मग बोलून घेतलं: भाजी बिघडली तर मुलांची बोलणी मी खाईन, फक्त तीच भाजी लागोपाठ नको. त्यानंतर चवळी आली, ढेमसं आली, कधी पातोडीचा रस्साही आला.

तरी माझा जीव काही मेसमधून निघत नव्हता. मसाला आणायला नागपूरला इतवारीत जायचं, तर मनसरला फोन, कन्हानला फोन, कामठीला फोन. भात लावला का? पोरगा निघाला का? एकदा बसमध्ये असाच फोन चालू असताना मागच्या बाकावर विद्यापीठाचा एक विद्यार्थी बसलेला होता, आमच्याच मेसचा. म्हणाला, "ताई, रामटेकच्या गडावरच्या रामाकडे फोन नव्हता, तरी 14 वर्षं अयोध्या चाललीच ना?"

मी हसले, पण तो सांगतच राहिला. वाल्मीकी रामायणातल्या अयोध्याकांडाचा 100 वा सर्ग. राम चित्रकूटावर आहे, भरत त्याला परत न्यायला आलाय, आणि राम त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. मोठ्या कामावर मोठ्या योग्यतेची, मधल्या कामावर मधली, हलक्या कामावर तशीच माणसं नेमलीस ना? हजार मूर्खांपेक्षा एक शहाणा जवळ ठेवतोस ना? एकट्यानं ठरवत नाहीस ना, आणि फार जणांना गोळा करूनही ठरवत नाहीस ना? सैन्याचं वेतन आणि शिधा वेळेवर देतोस ना, कारण उशीर झाला की माणसं धन्यावर चिडतात. मिळकतीपेक्षा खर्च कमी आहे ना?

इतवारी येईपर्यंत मी ऐकत होते. राज्यकारभाराची ही यादी माझ्या मेसला इतकी लागू पडेल असं वाटलं नव्हतं. वेतनावरचा प्रश्न तर थेट लागला, कारण मुलांकडून पैसे आले की पगार, असा माझा कारभार होता. मग महिन्याची एक तारीख ठरवली, पैसे येवोत न येवोत. मावशींचे "तुमीच सांगा ना जी" त्यानंतर निम्म्यावर आले. कशामुळे, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण पगाराचा घोर नसलेल्या माणसाला ठरवायला जागा मिळत असावी.

खर्चाची मर्यादाही घालून दिली. 500 रुपयांपर्यंत मला विचारायचं नाही, वर असेल तर विचारायचं. हा नियम मला फार आवडला होता. मग कार्तिकातली यात्रा आली. वैकुंठ चतुर्दशी, त्रिपुरी पौर्णिमा, गावात पाय ठेवायला जागा नाही. मी तर्री-पोह्यांचा ठेला मांडलेला, मेस मावशींवर सोपवलेली. गर्दीत फोनचा आवाज कुठला ऐकू यायला? तिकडे 19 किलोचा सिलिंडर ऐन पोळ्यांच्या वेळी संपला. नवा 500 मध्ये येत नाही, म्हणून मावशींनी तो मागवलाच नाही. परसात तीन विटा मांडून मसालेभात टाकला आणि उशिरा का होईना, सगळे डबे पाठवले. बँकेतले साहेब कुरकुरले, पोरांनी दुसऱ्यांदा मागितला.

मावशींनी नियम अक्षरशः पाळला होता. वाकडा होता तो नियमच. रुपयांनी मर्यादा घालून भागत नाही. आता आमच्याकडे असं आहे: ज्याच्यावाचून चूल थांबते, म्हणजे गॅस, पाणी, दूध, त्याला लागेल तेवढा खर्च करा, मला नंतर सांगा. जे आधी कधी केलं नाही, नवं भांडं असो की नवं गिऱ्हाईक, ते दहा रुपयांचं असलं तरी आधी विचारा.

विश्वास टाकला म्हणजे बघायचंच नाही का, हेही मी त्या विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, लंकेहून परतताना रामानंही आधी हनुमानाला पुढं धाडलं होतं, भरताच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते पाहून ये म्हणून. आणि भरतानं काय केलं? कोश, कोठार, सैन्य, सगळं दसपट झालंय, बघून घ्या, असा हिशेब पुढं ठेवला. मला धीर आला. मी आता दुपारी मेसचाच डबा जेवते. भरलेल्या डब्यांतला कोणता उचलणार, हे आधी सांगत नाही. शनिवारी वही बघते. मधल्या दिवसांत फोन करायचा नाही, असं ठरवलंय. कन्हानपर्यंत तरी पाळते.

गिऱ्हाईक आलं की अजून "मालकीण कुठं आहे?" असंच विचारतं. मी मावशींकडे बोट दाखवते. आपल्या गडावरही रामाच्या आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, त्यात रामाचं काही उणं होत नाही.

दोन गोष्टी अजून माझ्याकडेच आहेत. तर्रीचा मसाला आणि उधारीची वही. मसाला शिकवता येईल, मन होत नाही एवढंच. वहीचं मात्र खरंच कळत नाही. कोणाच्या घरचं धान कापून विकलं गेल्याशिवाय पैसे येणार नाहीत आणि कोण नुसतं टाळतंय, याला रेघ कुठं मारायची?

परवा मावशींनी पोळ्यांसाठी हाताखाली भाची आणली. सकाळपासून तिच्या मागं उभ्या होत्या, कणीक किती, पाणी किती. दुपारी घाम पुसत माझ्याकडे आल्या. "ताई, हिले सांगत बसन्यापरीस माह्या हातानंच केलेलं बरं होतं न बाप्पा!" मी त्यांच्या हातात मोजायची वाटी दिली.