पांढरीतलं खापर

मी इतिहासाचा शिक्षक होतो, आणि माझ्याच जिल्ह्याला इतिहास आहे असं मला कधी वाटलं नाही. यवतमाळ म्हणजे कापूस, कर्ज आणि आत्महत्या. पाहण्यासारखं जे काही, ते दूर कुठेतरी. शाळेच्या सहली मी रायगडला, दौलताबादला, वेरूळला नेल्या. कळंबला पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यातल्या चिंतामणीला हात जोडायचो, पण तो देव होता. इतिहासात तो मी कधी धरला नाही. लोहाऱ्याचं कमळेश्वराचं देऊळ तर यवतमाळला लागूनच. 'हेमाडपंती' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिला, देऊळ मात्र एकदाही दाखवलं नाही.

याला अज्ञान म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला माझ्या भागाची लाज वाटत होती, आणि ती मी पगार घेऊन पोरांना शिकवली.

बाभूळगावकडच्या एका पोरानं एकदा वर्गात खापराचा तुकडा आणला. बाहेरून तांबडा, आतून काळा. "सर, पांढरीत सापडलं." जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात, तिथली माती लोक घर सारवायला नेतात. मी म्हणालो, "फुटक्या मडक्याचा तुकडा आहे. फेकून दे आणि हात धू." वर्ग हसला. मीही हसलो.

निवृत्तीनंतर मुलाकडे स्कॉटलंडला, ॲबर्डीनला गेलो. सुनेनं हट्टानं बोटीतून ऑर्कनी बेटांवर नेलं, स्कारा ब्रे पाहायला. १८५० मध्ये एका वादळानं तिथली वाळू उडाली आणि खालची दगडी घरं उघडी पडली. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. मधोमध चूल, बाजूला दगडी पलंग, भिंतीशी दगडाचीच मांडणी. राजा नाही, लढाई नाही. शेती करणारी, गुरं राखणारी माणसं. बोचऱ्या वाऱ्यात मी ती चूल पाहून भारावून गेलो. घरी परतल्यावर भेटेल त्याला तेच सांगत सुटलो.

मग पाचखेडची बातमी वाचली. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं २०२३-२४ मध्ये बाभूळगाव तालुक्यातल्या या गावचं टेकाड खणलं होतं. आठ मीटरहून जाड थर. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन, मग मध्ययुग, आणि माथ्यावर निजामाचा काळ. तेव्हा हे टेकाड टेहळणीसाठी वापरलं जाई. लोखंडाच्या वस्तू, मणी आणि एक गोल घर: चुनखडीची जमीन, भोवती लाकडी खांबांच्या खुणा, आत चूल. वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची.

मी पाचखेडला गेलो. खोटं कशाला बोलू, टेकाड पाहून आधी मनात आलं ते 'एवढंच?'

मग उतारावर पायाशी एक खापर दिसलं. बाहेरून तांबडं, आतून काळं. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही आणि आतला भाग काळा होतो. विदर्भातल्या लोहयुगाच्या वस्त्यांवर अशी भांडी सर्रास सापडतात. हे मला पुस्तकातून पाठ होतं. तरी त्या पोराच्या हातातलं खापर मी ओळखलं नाही, कारण ते बाभूळगावकडून आलं होतं. हडप्पाहून आलं असतं, तर मी ते रुमालात गुंडाळून ठेवलं असतं.

तिथं बराच वेळ उभा राहिलो. ऑर्कनीतल्या चुलीपुढे मी वाकलो, कारण तिच्याभोवती कुंपण होतं, फलक होता, तिकीट होतं. मोठं काय आणि किरकोळ काय, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लावलेल्या पाट्या वाचून ठरवलं. त्या पोरानं मात्र पाटी नसताना वाकून पाहिलं होतं. त्या दिवशी वर्गात इतिहासाचा विद्यार्थी एकच होता, आणि त्याला मी हात धुवायला पाठवलं.

शिक्षक मित्रांनो, रायगडला जरूर जा. पण एक सहल कळंब, लोहारा, पाचखेडचीही काढा. गावच्या पांढरीची माती उपसण्याआधी ती कुणा जाणकाराला दाखवा. आणि पोरगं खापर घेऊन आलं, तर ते नेमकं कुठं सापडलं हे आधी विचारून लिहून ठेवा. जागा ठाऊक नसलेलं खापर अभ्यासकाच्या फारसं कामाचं राहत नाही.