गाय, धार आणि तलवार

समुद्री चाचा व्हायचं असेल तर काय काय लागतं? डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, लाकडी पाय... तुमची यादी तयारच असेल! पण 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' नावाच्या कॉम्प्युटर गेममधल्या चाच्यांना हे विचारलंत, तर ते म्हणतील, आधी तीन परीक्षा द्या. तलवारबाजीतल्या उस्तादाला हरवा, गव्हर्नरच्या वाड्यातून एक पुतळा पळवून आणा आणि पुरलेला खजिना शोधून काढा. मगच तुम्ही चाचे!

हा गेम १९९० साली अमेरिकेतल्या लुकासफिल्म गेम्स या कंपनीने काढला. 'स्टार वॉर्स' सिनेमे काढणाऱ्या जॉर्ज लुकासचीच ही कंपनी होती तेव्हा, बरं का! रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या तिघांनी तो लिहिला. यातला नायक चाचा बनायला निघालेला एक पोरगेलासा तरुण आहे. नाव गायब्रश थ्रीपवुड. आता हे कसलं नाव? त्याचीही गंमत आहे. नायकाचं चित्र काढून झालं तरी त्याला नावच सुचत नव्हतं. म्हणून सगळे त्याला नुसतं 'गाय' म्हणायचे. इंग्रजीत 'गाय' म्हणजे पोरगा, चारपायी गाय नव्हे! चित्रं काढायच्या ज्या प्रोग्रॅममध्ये तो काढला होता, त्यात अशा चित्राला 'ब्रश' म्हणत. दोन्ही जोडून झालं गायब्रश, आणि तेच नाव कायम राहिलं.

या गेममध्ये धडाधड बटणं दाबायची नसतात. खाली क्रियापदांची यादी असते. उघड, ओढ, ढकल, उचल, दे, वापर, बोल. त्यातलं एक माऊसने निवडायचं आणि मग चित्रातल्या वस्तूवर टिचकी मारायची, की गायब्रश ते काम करतो. मग तुमचं काम काय? विचार करणं! उदाहरणार्थ, एक रबरी कोंबडी सापडते आणि तिच्या पोटात चक्क एक कप्पी बसवलेली असते. असली वस्तू कुणी, कशासाठी बनवली असेल, असं म्हणत तुम्ही ती खिशात टाकता. पुढे एका दोरावरून लोंबकळत समुद्रापलीकडच्या खडकावर जायचं असतं, तेव्हा ती आठवली तर पार, नाहीतर बसा तिथेच!

गायब्रश ज्या बेटावर उतरतो त्याचं नाव आहे 'मेले'. नाव 'मेले', पण तिथे कुणी मरत मात्र नाही! (एका चाच्याचं भूत आहे, ते सोडून. ते आधीच मेलेलं आहे.) त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १९८४ साली आलेल्या 'किंग्ज क्वेस्ट'सारख्या गेममध्ये पाऊल जरा इकडे तिकडे पडलं की नायक मेलाच. पुन्हा मागे जाऊन खेळायचं. कधी कधी तर सुरुवातीची एखादी वस्तू उचलायची राहिली म्हणून शेवटाजवळ सगळं अडायचं. रॉन गिल्बर्टला याचा भारी राग होता. १९८९ साली त्याने एक लेखच लिहिला आणि अशा खेळांचं कुठे कुठे चुकतं ते सांगितलं. नवं काही करून बघणाऱ्याला मरणाची शिक्षा देणं बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

मग 'मंकी आयलंड'मध्ये त्याने या मरणाचीच टर उडवली. एका प्रसंगात गायब्रशला त्या पुतळ्याला बांधून समुद्रात फेकतात. आजूबाजूला सुऱ्या, तलवारी असली धारदार हत्यारं पडलेली असतात, पण प्रत्येक हाताच्या वीतभर पलीकडे! खेळणारा जिवाच्या आकांताने दोर कसा कापू, दोर कसा कापू करत राहतो. आणि उत्तर काय? पुतळा उचलायचा आणि चालू लागायचं! गायब्रश दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. दहा मिनिटांत हे सुचलं नाही तर मात्र तो खरोखर मरतो. मग खालची क्रियापदंसुद्धा बदलतात. उचल, ढकल जाऊन तिथे तरंग, फूग, कूज अशी यादी येते!

मी हा गेम पहिल्यांदा पाहिला तो १९९५च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा झाल्यावर, डोंबिवलीला मामाकडे. मामा घरी दुकानदारांचे हिशेब लिहायचा, म्हणून त्याच्याकडे कॉम्प्युटर होता. त्याच्या मित्राने अमेरिकेहून येताना फ्लॉप्यांचा हा डबा आणला होता. सोबत पुठ्ठ्याची एकात एक फिरणारी दोन चक्रं होती. गेम सुरू करताना पडद्यावर एका चाच्याचा चेहरा यायचा. चक्रं फिरवून वरचं अर्धं तोंड आणि खालचं अर्धं तोंड जुळवायचं. मग खिडकीतून दिसणारं साल टाइप करायचं, तेव्हा कुठे दार उघडायचं. फ्लॉप्यांच्या चोरून नकला करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती होती. चाच्यांच्या गेमला चाच्यांचीच भीती!

माझी अडचण वेगळीच होती. सगळा गेम इंग्रजीत. आमच्या मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे माझं इंग्रजी फक्त तीन वर्षांचं! मामेभाऊ माझ्याच वयाचा, पण इंग्रजी माध्यमातला. तो भराभर वाचायचा, हसायचा, आणि "काय झालं रे?" म्हटलं की म्हणायचा, "जाऊ दे, तुला नाही कळणार." ज्यांना कुणी असं म्हटलंय, त्यांना ते कसं लागतं ते सांगायला नको. दोन दिवस मी नुसती बाजूला बसून होते. तिसऱ्या दिवशी मामाची जुनी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले.

डिक्शनरीने सगळं सुटतं असं मात्र नाही हं! एका पुलावर एक राक्षस वाट अडवून बसलेला असतो. त्याला अशी वस्तू हवी असते, जी लक्ष वेधून घेते पण जिला खरं महत्त्व काहीच नसतं. आमच्याकडचं सगळं देऊन पाहिलं, त्याला काही चालेना. माझा इंग्रजी माध्यमवाला भाऊसुद्धा अडला. शेवटी मामाने सांगितलं, तो मासा दे. मासा का? तर तो 'रेड हेरिंग' आहे म्हणून! हेरिंग मासा खारवून धुरावर धरला की तांबूस होतो. पण इंग्रजीत 'रेड हेरिंग' म्हणजे भलतीकडेच लक्ष नेणारी फसवी गोष्ट. रहस्यकथेत उगाच संशय येईल असा एखादा माणूस असतो ना, तसं. म्हणजे कोड्याचं उत्तर वस्तूंमध्ये नव्हतंच, ते एका वाक्प्रचारात लपलेलं होतं. (१९९१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात तर याच्यावर कडी आहे. तिथे नळाची तोटी फिरवायला चक्क एक माकड वापरायचं! कारण अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ब्रिटिश लोक पान्याला स्पॅनर म्हणतात आणि आपण पाना. आपल्याला माकड सुचणार कसं?)

आणि मग आली तलवारबाजी. जुन्या सिनेमांतले चाचे तलवार जेवढी चालवतात त्याहून जास्त जीभ चालवतात. त्यावरूनच या मंडळींना युक्ती सुचली. या गेममध्ये तलवारी नुसत्या खणखणतात. खरी लढाई टोमण्यांची! समोरचा एक टोमणा मारतो, तुम्हाला चार-पाच उत्तरांतून एक निवडायचं असतं. उत्तर सडेतोड असेल तर तो मागे सरतो, फुसकं असेल तर तुम्ही मागे सरता. हे टोमणे लिहायला ऑर्सन स्कॉट कार्ड या नामवंत लेखकाने मदत केली होती.

पण उत्तरं आणायची कुठून? सुरुवातीला गायब्रशला जवळजवळ काहीच येत नसतं. मग रस्त्यावर भेटेल त्या चाच्याशी भांडायचं आणि हरायचं! तो जो टोमणा मारेल तो आपल्या यादीत जमा होतो. तोच टोमणा आपण दुसऱ्याला मारायचा, आणि तो जे उत्तर देईल तेही आपलं होतं. हरल्याशिवाय एक शब्द वाढत नाही. माझ्या भावाला हरायला मुळीच आवडायचं नाही. तो चिडून उठला आणि खुर्ची माझ्याकडे आली. मला काय, हरायचंच होतं! एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे टोमणा, उजवीकडे उत्तर. अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा आणि खाली मराठी लिहायचं. "तू गवळ्यासारखा लढतोस!" याचं उत्तर, "शोभतंच की, तू गाईसारखा लढतोस!" "तुझ्यापेक्षा माझं कुत्रं हुशार होतं," याचं उत्तर, "त्यानंच तुला सगळं शिकवलेलं दिसतंय!" चार दिवसांत वहीची पानं भरली. भाऊ पाठीमागे उभा राहून वहीत डोकावायला लागला.

मग आम्ही दोघं उस्तादाकडे गेलो. हा उस्ताद म्हणजे कार्ला नावाची बाई आहे. तिने तलवार उपसली, पहिला टोमणा मारला, आणि तो वहीत नव्हताच! दुसराही नव्हता. तिचे सगळे टोमणे नवे असतात. खाली उत्तरांच्या यादीत मात्र आपली जुनीच उत्तरं. आम्ही धडाधड हरलो.

आजी मागे पलंगावर शेंगा सोलत बसली होती. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. गायब्रश हे नाव ऐकून ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "गाईला घासायचा ब्रश का गं?" ती म्हणाली, "काय म्हणते गं ती बाई एवढं?"

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं, "आजी, ती म्हणते, तुझ्या अंगातल्या रक्ताचा थेंबन् थेंब मी... दुधासारखा काढीन. म्हणजे रक्ताचं दूध? काहीतरीच आहे."

आजीचं सगळं आयुष्य कोकणात गेलेलं. गोठ्यात दोन गाई. शेंगा सोलणं न थांबवता ती म्हणाली, "काहीतरीच काय? रक्ताची धार काढीन म्हणते ती! धार काढायची तर समोर गाय नको? मग तुझ्या वहीतलं ते गाईचं उत्तर दे की."

मी आणि भाऊ एकमेकांकडे बघतच राहिलो. त्या उत्तरावर टिचकी मारली आणि कार्ला एक पाऊल मागे सरली!

इंग्रजीत 'मिल्क' या शब्दाचा अर्थ दूध काढणं असाही होतो, तेवढ्यावर त्यांचा विनोद उभा आहे. पण आपली धार बघा! दुधाची धार, रक्ताची धार आणि तलवारीची धार. तीन धारा एका शब्दात! आजीचं वाक्य मूळ वाक्यापेक्षा सरस होतं, असं माझं मत आहे, आणि मी ते अजून बदललेलं नाही.

त्यानंतर वही आजीजवळ. मी टोमण्याचं मराठी करायचं, ती उत्तर शोधायची, भाऊ माऊस धरायचा. "असा भित्रा मी एकदाच पाहिला होता," असं कार्ला म्हणाली, तेव्हा आजीने ताबडतोब कुत्र्याचं उत्तर काढलं. त्यानंच तुला सगळं शिकवलेलं दिसतंय! कुत्रा गेला आणि भित्रा आला, तरी 'त्यानं' तसंच्या तसं बसलं. दोन संध्याकाळींत आम्ही जिंकलो. बक्षीस काय मिळालं? उस्तादाला हरवल्याबद्दल एक सुती टी-शर्ट! आजी म्हणाली, "एवढ्या बडबडीवर निदान लुगडं तरी द्यायचं."

भावाने मात्र त्या सुट्टीत पुन्हा कधी "तुला नाही कळणार" म्हटलं नाही. उलट एका संध्याकाळी एका शब्दाचा अर्थ त्यानेच मला विचारला. मी डिक्शनरी त्याच्याकडे सरकवली.

हा गेम अजूनही खेळता येतो. २००९ साली तो नव्या चित्रांसह आणि आवाजांसह पुन्हा निघाला. त्यात एक बटण दाबलं की जुनी, ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं परत येतात. रॉन गिल्बर्टने २०२२ साली 'रिटर्न टू मंकी आयलंड' हा नवा भागही काढला. आईबाबांनो, मुलं खेळत असतील तर शेजारी बसा, पण उत्तरं भराभर सांगू नका. आणि घरात कुणी हजरजबाबी आजी असेल, तर तिची खुर्ची जरा पुढे ओढा.

मध्यंतरी मी आणि माझ्या भाचीने ती जुनी वही काढून सगळं मराठीत आणायचं ठरवलं. टोमणे बरेचसे जमले. राक्षसाच्या माशाशी मात्र अडलोय. लक्ष वेधणारी पण कामाची नसलेली वस्तू! भाची म्हणाली, "सोपं आहे, मावशी! हत्तीचे दाखवायचे दात द्यायचे त्याला." वा! अगदी चपखल! पण पडद्यावर तर मासाच दिसतो, आणि हत्ती त्या बेटावर औषधालासुद्धा नाही. माशावरूनच एखादा असा वाक्प्रचार कुणाला सुचला, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. राक्षस अजून पुलावर बसून आहे.