कार्तिकातली साइडपट्टी

आमच्याकडे शरद ऋतू आधी वाऱ्यात कळतो. पारगावहून भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याला जायचं म्हणजे साधारण ईशान्येकडे तोंड करून पायडल मारायचं. पावसाळाभर पश्चिमेचं वारं पाठीशी असतं. सकाळी सायकल आपसूक पळते आणि संध्याकाळी परतताना तेच वारं छातीवर बसतं. घटस्थापना झाली की हे वारं पडायला लागतं. मग काही दिवस असे येतात की झाडाचं पान हलत नाही आणि साडेसातलाच पाठ घामानं भिजते. दिवाळीच्या आगेमागे कधीतरी वाटेवरच्या आंधळगावच्या पुढे समोरून गार, कोरडी झुळूक येते. वारं फिरलं. तिथून पुढे थंडीभर जाताना दम आणि येताना मजा. मोटारसायकलवरच्या माणसाला वारं बारा महिने समोरूनच लागतं. ते कधी फिरलं हे त्याला कळायला मार्ग नाही.

मी न्हावऱ्यात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घर दौंड तालुक्यात, नोकरी शिरूर तालुक्यात, मधे नदी. घरात मोटारसायकल एकच आणि ती सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीला जाते, म्हणून सायकल. "वहिनी, स्कूटी का घेत नाही?" असं सुरुवातीला येताजाता कुणीही विचारायचं. पुढे स्कूटीपुरते पैसे जमलेही, पण तोवर हा रस्ता अंगवळणी पडला होता आणि सकाळचा हा तासभर कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती. तो माझा असतो. त्यात कुणी हाक मारत नाही, गॅसवर दूध नसतं, रिपोर्टची घाई नसते.

वेळ मात्र पाळावी लागते. उपाशीपोटी साखर तपासायला आलेली म्हातारी माणसं आठपासून बाकावर बसलेली असतात. चहाचा घोटही न घेता निघालेल्या माणसाला माझ्या पंक्चरपायी ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून मी वेळ हातची राखूनच निघते. आश्विनात तर लॅबमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. ताप, अंगदुखी, सांधे धरलेले. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा हा हंगाम. पेशी किती आल्या, एवढं एकच विचारत माणसं खिडकीशी उभी राहतात. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. सायकलवरून ते पाणी मला दिसतं: पंक्चरच्या दुकानापुढे रचलेल्या जुन्या टायरांत, गोठ्यामागच्या उघड्या पिंपात, बांधकामावरच्या टाकीत. रस्त्यानं दिसलेलं हे पाणी दोन-तीन आठवड्यांनी माझ्या मशिनवर येतं. ओळखीचं घर असेल तर मी थांबते, पिंप पालथं घालायला लावते आणि पुढे जाते. त्यात दोन मिनिटं जातात. तेवढी मी धरलेली असतात.

पावसाचं म्हणाल तर आमचा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरातला. पुणे जिल्ह्यातून मान्सून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो असं वेधशाळेचं सरासरी गणित आहे, पण जाता जाता तो काय करील याचा नेम नसतो. आषाढातल्या भुरभुरीत रेनकोट घालून खुशाल जाता येतं. हस्त-चित्राचा पाऊस वेगळा. दुपारी तीनपर्यंत रणरणतं ऊन, चारला पूर्वेकडून काळेभोर ढग, पाचला विजा. उघड्या माळावर, लोखंडी सायकलवर, त्या विजांमध्ये राहू नये. मी सरळ एखाद्या पक्क्या घराच्या पडवीत शिरते. झाडाखाली थांबायचं नाही, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी माणसं झाडाखालीच थांबतात.

ओढ्यांच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकत नाही. १४ ऑक्टोबर २०२० ची रात्र दौंड तालुका विसरलेला नाही. बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र महाराष्ट्र ओलांडून चाललं होतं. त्या पावसात खानोट्याकडे ओढ्याला पूर आला आणि दुचाकीवरून निघालेली माणसं वाहून गेली. घर जवळ आलं होतं, पाणी फार वाटत नव्हतं, एवढ्यावरच माणूस पाण्यात चाक घालतो. ओढ्याचं पाणी डांबराला लागलं की मी अलीकडेच उतरते. घरी फोन करते, न्हावऱ्याला मैत्रिणीकडे मुक्काम करते. सकाळी पाणी उतरलेलं असतं आणि रस्त्यावर वितीएवढा गाळ.

भीमेच्या पुलावर मात्र मी रोज पाय टेकते. इथून जवळच रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते, म्हणजे साऱ्या पुणे शहराचं सांडपाणी इथून जातं. उन्हाळ्यात पुलावर पदर नाकाला लावावा लागतो आणि जलपर्णीनं नदीचं कुरण झालेलं असतं. धरणांतून सुटलेल्या पाण्यानं जलपर्णी वाहून गेलेली असते ते दिवस म्हणजे भाद्रपद-आश्विन. तेव्हा पात्र उघडं दिसतं, काठाला धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरतात, तारेवर वेडे राघू ओळीनं बसतात. नदी अशी दिसू शकते हे वर्षातून थोडेच दिवस कळतं, आणि मला त्याचा राग येतो. वरच्या शहरानं आपलं पाणी धुऊन सोडलं तर आमच्या पोरांनाही नदीत पोहता येईल, जसं माझ्या सासऱ्यांना येत होतं.

पाऊस गेला की सराटे येतात. श्रावणात ही वेल जमिनीला चिकटून पसरलेली असते, बारीक पानांची, हळदीएवढ्या पिवळ्या फुलांची. पाहणाऱ्याला गोड वाटावी अशी. आश्विनातल्या उन्हात ती वाळते आणि तिचं फळ फुटतं. त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला टणक काटे. तुकडा कसाही पडो, एक टोक वर राहतंच. डांबरावर सराटे नसतात, तिथून ते चाकांनी उडालेले असतात. ते साचतात साइडपट्टीवर. म्हणजे सायकलवाल्यानं जिथून जावं असं सगळे म्हणतात, नेमकं तिथं.

पंक्चर काढायला मला दुकान लागत नाही. पिशवीत सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, घासायला काचकागद, टायर उचलायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि ओठांजवळून फिरवायची. पाणी नसलं तरी ओठाला गळती कळते. भोक सापडलं की भोवती घासायचं, सोल्युशन लावायचं आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही. सोल्युशन ओलं असताना ठिगळ दाबलं तर ते पुढच्या गावापर्यंत सुटतं. बोट लावून चिकट, पण बोटाला न येणारं, असं झालं की ठिगळ ठेवून अंगठ्यानं मधून कडेला दाबत जायचं. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचंच, हलक्या हातानं. सराट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहिलेलं असतं. ते काढलं नाही तर सगळी मेहनत वाया. एकाच टायरमधून मी नखानं अशी तीन-तीन टोकं उकरून काढली आहेत.

आता उसाकडे येते, कारण कार्तिकात हा रस्ता उसाचा होतो. गळीत हंगाम कधी सुरू करायचा हे दरवर्षी सरकार ठरवतं; २०२४ साली १५ नोव्हेंबर, २०२५ साली १ नोव्हेंबर. ही तारीख शेतकरी वाचतो तशी मीही पेपरात शोधून वाचते. त्याच्या आधीच बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात, पहाटे चुली पेटतात. गुऱ्हाळं तर त्याच्याही आधीपासून चालू असतात. पुलाच्या अलीकडे एक आहे. थंडी पडली की तिथं चुलवाणाच्या धगीपाशी मी क्षणभर हात शेकते. काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी गुळव्या मोठ्या झाऱ्यानं काढत असतो, सगळ्या आसमंतात गोड, जरा करपट वास. गुळव्या उत्तर प्रदेशातला, "दीदी, रस?" म्हणून विचारतो. सकाळी सकाळी रस मला सोसत नाही, पण त्याचं विचारणं मला हवं असतं.

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, आणि टपावर स्पीकर. मागून येताना तो ऐकू येतो ही त्यातली बरी गोष्ट. वाईट ही की त्या आवाजात चालवणाऱ्याला बाकी काही ऐकू येत नाही. पहिली ट्रॉली पुढे गेली की माणूस निर्धास्त होतो आणि दुसरीचा ऊस खांद्याला घासून जातो. म्हणून स्पीकर ऐकला की मी उतरून साइडपट्टीच्या पलीकडे उभी राहते आणि दोन्ही ट्रॉल्या मोजून मगच चढते. "थांबल्या व्हय ताई, बरं झालं," म्हणत काही जण हातही करतात. पोरंच असतात ती, वीस-बावीसची, रात्रभर कारखान्याच्या रांगेत जागलेली.

खरी भीती चालत्या ट्रॉलीची नाही, उभ्या ट्रॉलीची. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आतच मावळतो. मी लॅब आवरून निघते तेव्हा तिन्हीसांज झालेली असते. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून माणसं मदत आणायला गेलेली असतात. मागे दिवा नाही, चमकपट्टी नाही, असलीच तर चिखलानं माखलेली. अंधारात ऊस काळाच दिसतो. समोरून गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की ती ट्रॉली नाहीशी होते. हंगामाच्या तोंडावर कारखान्यांत रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे. पण ते एकदा लावून भागत नाही. पाचटानं आणि चिखलानं ते आठ दिवसांत झाकले जातात. ट्रॉली रिकामी झाली की काट्यावरून सोडण्याआधी मागची पट्टी ओल्या फडक्यानं पुसायची, एवढा नियम प्रत्येक कारखान्यानं केला तर किती जीव वाचतील!

बैलगाडीवाल्यांनी आपला उपाय काढलेला आहे. एका संध्याकाळी माझ्या टॉर्चच्या उजेडात पुढे काहीतरी लखलखलं. उसाच्या गाडीमागे मोळीला सुतळीनं जुनी सीडी बांधली होती, गाडीच्या चालीबरोबर हलत होती. वर पोराला मांडीवर घेऊन बाई बसली होती. मी पिशवीतली लाल चमकपट्टी काढली आणि चालत्या गाडीमागे चालत दोन्ही दांड्यांना चिकटवली. "कितीला मिळती ओ बाई ही?" तिनं वरून विचारलं. तशी पट्टी न्हावऱ्यात कुठल्या दुकानात मिळते ते तिला सांगितलं. तेव्हापासून मी एक गुंडाळी जास्तीचीच ठेवते.

बिबट्याचं सगळेच विचारतात. आमच्याही भागात ठसे दिसतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरखेड-जांबूतकडे जे झालं, लहान लेकरं आणि म्हातारं माणूस गेलं, त्यानंतर साऱ्या तालुक्याची संध्याकाळ बदलली. ऊस हेच आता बिबट्याचं रान झालं आहे, आणि तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो, तो हलतो. या दिवसांत मी अंधार पडायच्या आत उसाचा पट्टा ओलांडायचा प्रयत्न करते. नाहीच जमलं तर मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावते आणि बेल वाजवत राहते. मला तासाभरात घर गाठता येतं. ज्याच्या मोटारीला रात्रीच थ्री फेज मिळते त्या शेतकऱ्याला मात्र त्याच उसात बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी माझ्यासाठी सायकलच्या रस्त्याइतकीच जवळची आहे.

या रस्त्याकडे माझं मागणं मोठं नाही. डांबराच्या कडेला सलग, डांबराच्या पातळीत असलेली, पक्की साइडपट्टी. डांबर वर आणि पट्टी चार बोटं खाली असली की ट्रॉली आल्यावर सायकल उतरवताना चाक घसरतं. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या पोरी याच कडेनं जातात, दप्तर पाठीवर, दोघी-दोघी. रस्ता रुंद झाला की गाड्यांना वेग येतो आणि या पोरींना जागा आणखी कमी उरते. दुरुस्तीच्या वेळी पट्टीला मुरूम टाकून रोलर फिरवतात, तो पहिल्या पावसात जातो. पक्की पट्टी केली तर एका हंगामात पैसे वसूल होतील, असं माझं ठाम मत आहे, आणि ग्रामसभेत मी ते बोलते.

मागच्या आठवड्यात आंधळगावची एक मुलगी लॅबमध्ये आली होती, आईचे रिपोर्ट न्यायला. न्हावऱ्याला तिला नोकरी लागली आहे, घरचे म्हणतात एकटी कशी जाणार. "ताई, तुमच्या मागनं आले तर चालंल?" चालेल म्हटलं, मागून नाही, बरोबर. सोमवारी सव्वासातला ती आंधळगावच्या फाट्यावर उभी राहणार आहे. तिची सायकल भावाची आहे, उंच आहे. सीट खाली घ्यावी लागेल, मागचा ब्रेक बघावा लागेल. पहिला सराटा लागेल तेव्हा ठिगळ तीच लावेल, मी नुसती शेजारी बसेन.