अडचणीतला बोल्ट

बंद पडलेली मोटार दुरुस्त होताना तुम्ही पाहिली असेल. मेकॅनिक इंजिनात डोकावतो आणि मदतनिसाकडे न बघताच हात पुढे करतो. "बाराचा रिंग पाना दे," असे म्हणतो. पेटीत इतके पाने असताना त्याला नेमका तोच का हवा असतो? या प्रश्नाचे उत्तर मला दहावीच्या सुट्टीत मिळाले, पण ते फार महाग पडले.

त्या सुट्टीत मी कुर्ल्याला मामूजानांच्या गॅरेजमध्ये जात असे. पहिल्या आठवड्यात मी अवजारांची नावे शिकलो. फिक्स पान्याचे तोंड उघडे असते. तो बोल्टाच्या सहा बाजूंपैकी दोनच बाजू धरतो. रिंग पाना बोल्टाला सगळ्या बाजूंनी कवेत घेतो. गोटी म्हणजे खेळायची गोटी नव्हे! ती बोल्टावर टोपीसारखी बसते आणि तिला दांडा जोडून फिरवतात.

एके दिवशी एका जुन्या मारुती 800 चा स्टार्टर काढायचा होता. गाडीच्या मालकांना संध्याकाळी आपल्या आईला रुग्णालयातून घरी न्यायचे होते. मामूजान बॅटरीची तार सोडवून नमाजला गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत हात लावू नकोस."

मला राहवले नाही. खालचा बोल्ट सहज निघाला. वरचा मात्र नळ्यांच्या मागे दडलेला आणि गंजलेला होता. तो दिसत नव्हता, फक्त बोटांना लागत होता. मी फिक्स पाना तिरकाच लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. पाना सटकला. माझी बोटे सोलली आणि बोल्टाचे कोपरे झिजून तो गोल झाला. मी घाबरलो. पाना गुपचूप पेटीत ठेवून दिला.

मामूजान परतले. त्यांनी लहानसा आरसा आत धरला, टॉर्चचा उजेड पाडला. मग माझ्या बोटांकडे पाहिले.

"बेटा, हे तू केलेस ना?"

मी मान खाली घातली आणि "हो" म्हणालो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाना उचलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. तो बोल्टापर्यंत पोहोचतो का? बोल्टावर पुरता बसतो का? त्याला फिरायला जागा आहे का? तू पहिलाच प्रश्न विचारलास."

मुलांनो, तिसरा प्रश्न गणिताचा आहे. सहा कोपऱ्यांचा रिंग पाना 60 अंश फिरवल्यावरच बोल्टावर पुन्हा बसवता येतो. बारा कोपऱ्यांच्या पान्याला 30 अंश पुरतात. 72 दात्यांच्या रॅचेटला तर 5 अंशच पुरतात. मग नेहमी रॅचेटच का वापरू नये? कारण त्याचे डोके जाड असते. ते जिथे शिरत नाही, तिथे पातळ रिंग पाना शिरतो. पण गंजलेल्या बोल्टावर सहा कोपऱ्यांची गोटीच पक्की पकड घेते.

मामूजानांनी गंजावर तेल सोडले आणि वाट पाहिली. मग गाडी जॅकने उचलून घोड्यांवर टेकवली आणि ते खाली शिरले. एक किंचित लहान गोटी लांब एक्स्टेंशनला लावून त्यांनी बोल्टाच्या डोक्यावर ठोकून बसवली. आता दांडा मोकळ्या जागेत फिरू लागला. थोड्या वेळाने 'कट' असा आवाज आला आणि बोल्ट सुटला. खालून सरळ वाट होती. मी ती शोधलीच नव्हती.

गाडी तयार झाली तेव्हा रात्र झाली होती. मालकांची आजारी आई टॅक्सीने घरी गेली होती. मामूजान त्यांना म्हणाले, "चूक आमच्या हातून झाली." त्यांनी त्या दिवशीची मजुरी घेतली नाही. माझे नावही सांगितले नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आज मी शिक्षक आहे. एखाद्या मुलाला गणित समजत नाही, तेव्हा आवाज चढवावासा वाटतो. मग तो बोल्ट आठवतो आणि मी दुसऱ्या बाजूने वाट शोधतो.

तुम्हीही जोर करण्याआधी ते तीन प्रश्न विचारा. आणि तरीही कोपरे झिजलेच, तर पाना पेटीत लपवू नका. स्वतःहून सांगा.