लाटेनं राखलेलं रान

जावा बेटाच्या अगदी पश्चिमेला उजुंग कुलोन नावाचं द्वीपकल्प आहे. मुख्य बेटाशी त्याचा सांधा एका चिंचोळ्या पट्टीचा. सुमुर गावाहून होडीनं निघालं की डावीकडे हिरवंगार रान कितीतरी वेळ सोबत करतं. घर नाही, शेत नाही, चुलीचा धूर नाही. जावा म्हणजे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या बेटांपैकी एक. तिथं एवढा किनारा माणसांवाचून कसा उरला? नावाड्याला विचारलं, तर त्यानं नुसता उत्तरेकडे हात केला. तिकडे सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटाऊ आहे.

ऑगस्ट १८८३ मध्ये हा ज्वालामुखी फुटला. त्यातून उठलेल्या लाटा काही ठिकाणी तीस मीटरहून उंच होत्या. ३६,००० हून अधिक माणसं गेली. उजुंग कुलोनच्या किनाऱ्यावरची गावंही त्यात वाहून गेली आणि तिथं पुन्हा धड वस्ती झालीच नाही. राखेवर रान माजलं. त्या रानात जावाचा एकशिंगी गेंडा तगला. आज पृथ्वीवर तो दुसरीकडे कुठेही उरलेला नाही. एवढ्या मोठ्या संहारातून एका प्राण्याला आसरा मिळावा, हे मला अजूनही पचत नाही.

पेउचांग बेटावर मुक्काम केला. समोरची अरुंद खाडी ओलांडली की चिदाओनचा गवताळ माळ लागतो. संध्याकाळी तिथं बान्तेंग चरायला उतरतात. हे जावाचे रानबैल. सह्याद्रीत गवा पाहिलेल्या माणसाची नजर आधी त्यांच्या पायांवर जाते, कारण गुडघ्याखाली तेच पांढरे मोजे! पण शेपटीखाली मोठा पांढरा डाग आहे, तो गव्याला नसतो. नर काळाभोर, माद्या तांबूस. हिरव्या मानेचा मोर त्यांच्यामधून निवांत फिरत होता. बान्तेंगही आता जगात फार थोडे उरलेत. त्यांच्याकडे बघत अंधार पडेपर्यंत बसलो असतो, पण वनरक्षकानं घाई केली.

गेंड्याच्या खुणा पाहायच्या तर हांदेउलेउम बेटासमोरच्या चिगेंतर नदीत शिरायचं. डोंगी अगदी हळू वल्हवत नेतात, कारण पाण्यात मगरी असतात. एका वळणावर वनरक्षकानं डोंगी काठाला लावली आणि चिखलाकडे बोट केलं. तीन खुरांचं पाऊल! माझी वीत त्यात आडवी मावून वर जागा उरली. थोडं आत गेल्यावर त्याची लोळण्याची जागा दिसली. गढूळ पाण्याचा खड्डा आणि भोवतालच्या झाडांवर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, ओला चिखल घासलेला. शेजारी एक कोवळं झाड अंगाखाली घेऊन आडवं केलेलं, शेंड्याची पानं खुडलेली. दीडेक हजार किलोचा प्राणी रात्रीतून इथून गेला होता. अख्खी हयात या रानात काढलेल्या त्या माणसानंही तो प्रत्यक्ष क्वचितच पाहिला होता. गेंड्यांची मोजदाद होते ती झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांवरूनच.

एके काळी हा गेंडा सुंदरबनापासून ब्रह्मदेश, व्हिएतनाम, सुमात्रापर्यंत हिंडत होता. व्हिएतनाममधला शेवटचा २०१० मध्ये कात तिएनच्या रानात मेलेला सापडला. पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेलं. प्राणिसंग्रहालयातला शेवटचा जावन गेंडा ॲडलेडमध्ये १९०७ साली मेला. लोक वर्षानुवर्षं त्याला भारतीय गेंडा समजूनच पाहत होते. उजुंग कुलोनमध्ये १९६७ च्या गणनेत पंचविसेक भरले होते. पहारा बसला, संख्या वाढत गेली आणि पुढे सत्तरीच्या वर गेल्याचं जाहीर झालं.

आणि मग २०२४ मध्ये पोलिसांनी सांगितलं की २०१८ ते २०२३ या काळात शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी २६ गेंडे मारले. शिंग नराला येतं, तेही जेमतेम वीतभर. मादीला बहुधा नसतंच. त्या वीतभर शिंगासाठी सत्तरातले सव्वीस! आकडा ऐकला तेव्हा मला त्या चिखलातल्या पावलाबद्दल भीती वाटू लागली. ते कुणाचं होतं, आणि तो अजून आहे का?

शिकारी पकडता येतात, आणि पकडले गेलेही. न्यायालयानं त्यांना शिक्षा दिल्या. समुद्राचं तसं नाही. १९२७ मध्ये क्राकाटाऊच्या जागी पाण्यातून नवा डोंगर वर आला, त्याचं नाव अनाक क्राकाटाऊ. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात कोसळली, लाट आली, किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसं मेली. उजुंग कुलोनच्या राष्ट्रीय उद्यानाचे दोन कर्मचारीही त्यात गेले. गेंडे वाचले, कारण ते तेव्हा बहुतेक दक्षिण किनाऱ्याकडे होते. दिशा दुसरी असती तर?

म्हणून दुसरं रान शोधून काही गेंडे तिकडे हलवावेत, असं अभ्यासक कितीतरी वर्षं सांगताहेत. असं रान मिळणं सोपं नाही. खायला कोवळा पाला हवा, चिखल हवा, माणसांचा वावर नको. उजुंग कुलोनमध्येसुद्धा लांकाप नावाचा ताड माजून गेंड्याच्या खाद्यझाडांवर सावली धरतो, तो तोडावा लागतो. तरी हे व्हायलाच हवं. सगळी जातच एका किनाऱ्यावर आणि समोर धुमसता डोंगर. असलं धाडस आपण घरातल्या एका जनावराबाबतही करणार नाही.