कॉलर टाइट सरडा!

मे महिन्यात साताऱ्याला जातेय म्हटल्यावर आमच्या ग्रुपने मला वेड्यात काढलं. ‘मॅडम, कासची फुलं सप्टेंबरमध्ये!’ पण मला फुलं नको होती. पवनचक्क्यांवर फीचर करायचं होतं. निळं आकाश, पांढरी पाती, क्लीन एनर्जी. पहिलं वाक्य तर गाडीतच लिहून झालं होतं : ‘एका ओसाड पठाराचं सोनं झालं.’

चाळकेवाडीच्या पठारावर कॅमेरा लावत होते, तेवढ्यात समोरच्या दगडावर काहीतरी चमकलं. एक पिटुकला सरडा. त्याने गळ्याखालचा पंखा फटकन उघडला. निळा, काळा, केशरी! मादीला इम्प्रेस करायचं आणि दुसऱ्या नरांना दम द्यायचा, असा डबल फंडा. याचं शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली, तेव्हा अख्ख्या कुळीला आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द दिला. कॉलर टाइट व्हायला आणखी काय हवं?

घरी येऊन त्याच्याबद्दल वाचलं आणि फीचरचा बाजा वाजला. याच पठारावरचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झालाय. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पवनचक्क्यांजवळ ते कमी, म्हणून सरडे जास्त. म्हणजे सरड्यांची ऐश? तसं नाही. तिथले सरडे बिनधास्त झाले होते, माणूस अगदी जवळ आला तरी पळत नव्हते. स्ट्रेस हार्मोनही कमी. पण अंगाने ते खंगलेले आणि गळ्याचे रंग फिके. डोक्यावरचा शिकारी गेला, पण खाणारी तोंडं वाढली. किडे खाणारा आणि स्वतः पक्ष्यांचं खाणं होणारा हा जीव मधल्या कडीसारखा आहे. वरची कडी निसटली, की त्याचंही गणित बिघडतं.

मग पवनचक्क्या नकोत का? असं मी म्हणणार नाही. माझा लॅपटॉपही विजेवरच चालतो, आणि कोळसा जाळण्यापेक्षा वारा केव्हाही बरा. पण त्या कुठे उभारायच्या हे ठरवताना ‘तिथे काहीच नाही’ असं आपण किती सहज म्हणून टाकतो! मीही तेच केलं होतं, तेही पठारावर पाय ठेवायच्या आधी.

फीचर दोन दिवस उशिरा गेलं, बोलणीही खाल्ली. पवनचक्क्यांचे फोटो तेच ठेवले. ‘ओसाड’ हा शब्द मात्र खोडला.